करडाचा रंग आणि ग्रेगोर मेंडेल

पुणे जिल्ह्याच्या मावळ भागात, लोणावळ्यापासून थोड्याच अंतरावर भुशी हे गाव आहे. तेथे इंद्रायणीच्या पाण्यावर एक जुने धरण आहे. आगगाड्या वाफेवर चालत असत, त्या काळात इंजिनांना पाणी पुरवावे म्हणून ते बांधले गेले. पावसाळ्यात या प्रदेशात धोधो पाऊस कोसळतो आणि सारे डोंगर धुक्यात बुडून जातात. पण दसरा उलटला की ऊन पडते, उतारावरचे गवत पिवळे होऊ लागते आणि करवंदीच्या जाळ्यांचा पाला ओरबाडीत शेळ्यांचे कळप हिंडू लागतात. मावळातला असो की माणदेशातला, शेळ्यांचा कळप नीट न्याहाळला तर त्यात नाना रंग दिसतात. कोणी काळी, कोणी पांढरी, कोणी तांबूस, तर कोणी कबरी.

शेळ्या पाळणाऱ्या माणसाला या रंगांचे एक कोडे फार जुन्या काळापासून पडत आले आहे. पांढऱ्या शेळीला पांढऱ्याच बोकडापासून एखादे वेळी काळेभोर करडू होते. आई पांढरी, बाप पांढरा. मग हा काळा रंग आला कोठून? कोणी म्हणे, गाभण असताना शेळीने काही काळे पाहिले असेल. कोणी म्हणे, शेळीला दृष्ट लागली. कोणी शेजारच्या कळपातल्या बोकडावर आळ घेई. कधी तर दुधाला चांगली असलेली शेळीही असे करडू झाले म्हणून बाजाराची वाट धरी. कोड्याचे खरे उत्तर मात्र कोणापाशीच नव्हते.

१८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि कोकण व घाटमाथा लोहमार्गाने जोडले गेले. त्याच वर्षी मावळापासून हजारो मैलांवर, मध्य युरोपातील ब्रून नावाच्या शहरात, एक ख्रिस्ती साधू आपल्या मठाच्या बागेत आठ हंगाम चाललेल्या प्रयोगाची अखेर करीत होता. त्याने शेळ्या पाळल्या नव्हत्या. वाटाणे पेरले होते. तरीही करडाच्या रंगाचे कोडे ज्या नियमाने सुटले, तो नियम त्यालाच सापडला. त्या साधूचे नाव ग्रेगोर मेंडेल.

मेंडेलचा जन्म जुलै १८२२ मध्ये हाइनत्सेनडॉर्फ या लहानशा खेड्यात झाला. ते खेडे त्या वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. आज ते चेक प्रजासत्ताकात मोडते. त्याचे पाळण्यातले नाव योहान. वडील अंतोन शेतकरी होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांना आठवड्यातील तीन दिवस जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबावे लागे. उरलेल्या दिवसांत ते आपली शेती करीत आणि फळझाडांवर चांगल्या जातींची कलमे बांधीत. लहानगा योहान त्यांच्या हाताखाली वावरे. कोणत्या झाडाची फांदी कोणत्या खोडावर बसवली असता कसे फळ येते, हे त्याने पुस्तकात वाचण्यापूर्वी डोळ्यांनी पाहिले होते.

मुलगा बुद्धिमान आहे हे गावच्या शिक्षकांनी ओळखले. पुढील शिक्षणासाठी योहान अकराव्या वर्षीच घर सोडून परगावी गेला. परंतु घरची गरिबी अशी, की शाळेच्या भोजनगृहात त्याच्या दोन्ही वेळच्या पोटभर अन्नाचे पैसे वडिलांना देता येत नसत. अर्धपोटी राहून तो शिकत होता. अशातच १८३८ साली झाडाचा ओंडका अंगावर पडून वडील जायबंदी झाले. घरून येणारी थोडीबहुत मदतही आटली. सोळा वर्षांचा योहान लहान मुलांच्या शिकवण्या करू लागला. अतिश्रमाने तो वारंवार आजारी पडे. शिक्षण सुटणार, अशी वेळ आली. तेव्हा त्याची धाकटी बहीण तेरेसिया पुढे झाली. आपल्या लग्नासाठी राखून ठेवलेल्या हिश्शातील काही भाग तिने भावाच्या शिक्षणासाठी दिला. बहिणीचे हे ऋण मेंडेलने जन्मभर स्मरणात ठेवले. पुढे चांगले दिवस आल्यावर त्याने तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला हातभार लावला.

१८४३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, योहान ब्रून येथील मठात दाखल झाला. तेथे त्याला ग्रेगोर हे नवे नाव मिळाले. पोटाची विवंचना संपली आणि विद्येचे दार उघडले. कारण तो मठ विद्येचे माहेरघरच होता. तेथे मोठे ग्रंथालय होते, बाग होती आणि अभ्यासाची आवड असणारे सोबती होते. मठाधिपती नाप हे स्वतः शेतीच्या सुधारणेत लक्ष घालीत.

ब्रून हे शहर लोकरीच्या कापडासाठी प्रसिद्ध होते. लोकर चांगली हवी तर मेंढरे चांगली हवीत. म्हणून त्या भागातील मेंढपाळ आणि जमीनदार स्पेनमधील मेरिनो जातीचे मेंढे आणवीत आणि आपल्या मेंढ्यांशी त्यांचा संकर करीत. संकर म्हणजे दोन भिन्न जातींच्या नर-मादीपासून संतती मिळवणे. पण या संकराचे फळ काय निघेल, हे कोणालाच आधी सांगता येत नसे. एखाद्या कोकराची लोकर बापासारखी मऊ, तर एखाद्याची आईसारखी जाडीभरडी. आईबापांचे कोणते गुण संततीत उतरतात आणि ते कसे उतरतात, हा प्रश्न नाप यांनी तेथील मेंढी-पालकांच्या सभेत मेंडेल मठात येण्यापूर्वीच मांडला होता. तो प्रश्न जणू त्या मठाच्या हवेतच भरून राहिला होता.

मेंडेलला मात्र यशाचा रस्ता सरळ सापडला नाही. आजाऱ्यांची सेवा करण्याचे काम त्याच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या यातना पाहून तो स्वतःच आजारी पडला. नाप यांनी त्याला ओळखले आणि शाळेत शिकवण्याच्या कामावर पाठवले. तेथे तो रमला. विद्यार्थी त्याच्यावर प्रेम करीत. परंतु कायम शिक्षक होण्यासाठी परीक्षा द्यावी लागे. १८५० साली मेंडेल त्या परीक्षेस बसला आणि नापास झाला. प्राणी आणि भूगर्भ यांसंबंधीची त्याची उत्तरे परीक्षकांना पसंत पडली नाहीत. ज्या माणसाने पुढे सजीवसृष्टीचा एक मूलभूत नियम शोधला, तो जीवसृष्टीच्याच परीक्षेत अनुत्तीर्ण झाला होता.

नाप यांनी त्याला १८५१ साली व्हिएन्नाच्या विद्यापीठात धाडले. तेथे दोन वर्षे तो भौतिकशास्त्र, गणित आणि वनस्पतिशास्त्र शिकला. ध्वनी आणि प्रकाश यांच्या लहरींविषयीच्या शोधामुळे प्रसिद्ध असलेले डॉप्लर हे त्याचे एक गुरू होते. निसर्गाला प्रश्न विचारायचा तर तो नेमका विचारावा आणि उत्तर अंकांत लिहून घ्यावे, ही दृष्टी त्याला येथे मिळाली. परत आल्यावर १८५६ साली त्याने शिक्षकाची परीक्षा पुन्हा देऊन पाहिली. पण तीही पुरी होऊ शकली नाही. अखेरपर्यंत तो बदली शिक्षक म्हणूनच शिकवीत राहिला. मात्र त्याच १८५६ साली मठाच्या बागेत त्याच्या प्रयोगास आरंभ झाला.

त्या काळी विद्वानांचीही अशी समजूत होती, की आईबापांचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे संततीत एकजीव होऊन जातात. ही समजूत खरी मानली तर काळ्या आणि पांढऱ्या शेळ्यांच्या संकरातून करड्या रंगाची संतती व्हावी आणि पुढे त्या वंशात निखळ काळा किंवा निखळ पांढरा रंग पुन्हा कधीच दिसू नये. दुधात मिसळलेले पाणी कोणाला वेगळे काढता येते? पण कळपात तर काळी करडे पुनःपुन्हा जन्मास येत होती. म्हणजे समजुतीतच कोठे तरी चूक होती.

ही चूक शोधण्यासाठी मेंडेलने जनावरे न घेता वाटाणा का घेतला, हे समजण्यासारखे आहे. शेळी पाच महिने गाभण राहते आणि एका वेतास तिला बहुधा एक किंवा दोन करडे होतात. अशा वेताने हजार करडे मोजायची तर मोठा कळप आणि पुष्कळ वर्षे हवीत. वाटाण्याचे तसे नाही. एका हंगामात एका वाफ्यातून शेकडो दाणे मिळतात. त्याच्या जाती स्वस्त असतात आणि त्यांच्यातील भेद डोळ्यांना स्पष्ट दिसतात. शिवाय वाटाण्याचे फूल पाकळ्यांत असे मिटलेले असते, की त्याचे पराग त्याच फुलातील स्त्रीकेसरावर पडतात. बाहेरच्या परागांची भेसळ सहसा होत नाही. कळपात मोकाट बोकड शिरतो, तसा प्रकार येथे घडत नाही.

मठाच्या इमारतीलगत सुमारे ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद अशी जमिनीची एक पट्टी मेंडेलला मिळाली. त्याने बियाणे विकणाऱ्यांकडून वाटाण्याच्या ३४ जाती आणल्या. त्या शुद्ध आहेत की नाहीत, हे पाहण्यातच दोन वर्षे घालवली आणि त्यांतील २२ जाती प्रयोगासाठी ठेवल्या. मग त्याने सात गुण निवडले. दाणा गोल की सुरकुतलेला, पिवळा की हिरवा, फूल जांभळे की पांढरे, वेल उंच की खुजा, अशा या जोड्या होत्या. एका वेळी एकाच गुणाकडे पाहावयाचे, हा त्याने नेम केला. पूर्वीच्या अभ्यासकांनी सारे रोप एकदम पाहिले, म्हणून ते गोंधळून गेले होते.

काम मोठे चिकाटीचे होते. कळी उमलण्यापूर्वीच ती अलगद उघडावयाची, आतील पुंकेसर चिमट्याने काढून टाकावयाचे, दुसऱ्या जातीच्या फुलाचे पराग आणून स्त्रीकेसरावर लावावयाचे आणि भुंगा किंवा माशी बसू नये म्हणून फुलावर पिशवी बांधावयाची. असे शेकडो फुलांचे करावयाचे. शेंगा भरल्या की दाणे सोलावयाचे, निवडावयाचे, मोजावयाचे आणि वहीत टिपावयाचे. १८५६ पासून १८६३ पर्यंत शाळा सांभाळून मेंडेलने हे काम चालवले. त्याने तपासलेल्या रोपांची संख्या सुमारे २८,००० भरते.

त्याला काय आढळले? पिवळ्या दाण्यांची जात आणि हिरव्या दाण्यांची जात यांचा त्याने संकर केला. पहिल्या पिढीत सर्व दाणे पिवळेच निघाले. पिवळट-हिरवा असा मधला रंग कोठेच नव्हता. हिरवा रंग नाहीसाच झाला असे कोणालाही वाटले असते. मेंडेल तेथे थांबला नाही. त्याने तेच पिवळे दाणे पेरले आणि त्यांच्या वेलींना आपल्याच परागांनी फळू दिले. दुसऱ्या पिढीत ८,०२३ दाणे मिळाले. त्यांतील ६,०२२ पिवळे होते आणि २,००१ हिरवे होते. हरवलेला हिरवा रंग जसाच्या तसा परत आला होता. दर चार दाण्यांत सुमारे तीन पिवळे आणि एक हिरवा, असे त्याचे प्रमाण होते. बाकीच्या सहा गुणांतही हेच तिनास एक प्रमाण पुनःपुन्हा निघाले.

पुढे त्याने दुसऱ्या पिढीतील पिवळ्या दाण्यांची ५१९ रोपे वाढवून पाहिली. दिसायला हे सारे दाणे सारखेच पिवळे होते. पण १६६ रोपांना केवळ पिवळे दाणे आले आणि ३५३ रोपांना पिवळे व हिरवे असे दोन्ही आले. म्हणजे वरून सारखे दिसणारे आतून सारखे नव्हते.

या आकड्यांवरून मेंडेलने नियम बांधला. प्रत्येक गुणासाठी सजीवात दोन घटक असतात. एक आईकडून येतो आणि एक बापाकडून. दोन घटक भिन्न असले तर त्यांतील एकच प्रकट होतो. त्याला प्रभावी म्हणावे. दुसरा दडून राहतो. त्याला सुप्त म्हणावे. सुप्त घटक नष्ट होत नाही की प्रभावी घटकात विरघळत नाही. पुढच्या पिढीला देताना दोन्ही घटक पुन्हा वेगळे होतात आणि प्रत्येक अपत्यास दोहोंपैकी कोणता तरी एकच मिळतो. दोन्हीकडून सुप्त घटकच आला, तर दडलेला गुण उघड्यावर येतो.

आता करडाच्या कोड्याकडे वळू. शेळ्यांच्या अनेक जातींत पांढरा रंग प्रभावी आणि काळा रंग सुप्त असतो, असे आता ठाऊक झाले आहे. समजा, एका पांढऱ्या शेळीच्या अंगी एक घटक पांढऱ्याचा आणि एक काळ्याचा आहे. बोकडही तसाच आहे. दोघेही दिसायला शुभ्र आहेत. करडास आईकडून काळा घटक येणे हा एक योगायोग आणि बापाकडून काळा घटक येणे हा दुसरा. दोन नाणी एकदम उडवली तर दोन्हींवर काटा पडण्याची संधी चारांत एक असते. त्याचप्रमाणे अशा जोडप्याचे करडू काळे होण्याची संधी चारांत एक असते. त्यात दृष्ट नाही, शेळीचा दोष नाही आणि शेजारच्या बोकडाचाही अपराध असलाच पाहिजे असे नाही. काळा रंग आईबापांच्या अंगी आधीपासूनच होता. तो केवळ दिसत नव्हता.

मात्र चारांत एक याचा अर्थ दर चौथे करडू काळे होईल असा नव्हे. नाणे चार वेळा उडवले तर चारही वेळा छापा पडू शकतो. थोड्या करडांवरून नियम दिसत नाही. पुष्कळ करडांची मोजदाद केली म्हणजे तो दिसतो. मेंडेलने हजारो दाणे मोजले ते याचसाठी.

या नियमाने पशुपालकास एक कसोटीही मिळाली. पांढऱ्या बोकडाच्या अंगी काळा घटक दडला आहे की काय, हे डोळ्यांनी कळत नाही. अशा बोकडाचा काळ्या शेळ्यांशी संयोग करावा. काळी शेळी करडास काळाच घटक देऊ शकते. तेव्हा बोकडात काळा घटक असेल तर प्रत्येक करडू काळे होण्याची संधी निम्मी असते. एक जरी काळे करडू झाले तरी बोकडाचे गुपित फुटले. उलट दहाच्या दहा करडे पांढरी झाली, तर बोकडात काळा घटक असूनही तसे घडण्याची शक्यता १,०२४ मध्ये केवळ एक उरते.

असा हा शोध घेऊन मेंडेल १८६५ साली ब्रूनच्या निसर्ग-अभ्यासक मंडळापुढे उभा राहिला. ८ फेब्रुवारी आणि ८ मार्च या दोन दिवशी त्याने आपला निबंध वाचला. श्रोत्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला. पण त्यातील महत्त्व कोणाच्या ध्यानी आले नाही. वनस्पतींच्या अभ्यासात गणित कशाला, असे त्या काळच्या लोकांना वाटणे स्वाभाविकच होते. १८६६ साली निबंध छापून निघाला. मेंडेलने त्याच्या ४० प्रती काढून घेतल्या आणि त्यांतील काही विद्वानांना पाठवल्या. म्यूनिकचे प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांनी तेवढे उत्तर दिले. पण त्यांनाही हे काम अपुरे वाटले. त्यांचा स्वतःचा अभ्यास हॉकवीड नावाच्या एका रानफुलावर चालला होता. मेंडेलनेही त्या फुलावर कित्येक वर्षे प्रयोग केले आणि आपली दृष्टी शिणवून घेतली. वाटाण्याचे प्रमाण तेथे काही केल्या जुळेना. त्या वनस्पतीचे बी बहुधा परागांच्या संयोगाशिवायच तयार होते, हे त्या वेळी कोणासच माहीत नव्हते. मेंडेलचा नियम चुकला नव्हता. रोपच त्या नियमाच्या परीक्षेस अयोग्य होते.

१८६८ साली मठातील साधूंनी मेंडेलला मठाधिपती निवडले. मान वाढला, पण बागेसाठी वेळ उरला नाही. १८७४ साली सरकारने मठांवर नवा कर बसवला. तो कर अन्यायाचा आहे, असे मेंडेलचे मत होते. इतर मठांनी नमते घेतले. मेंडेलने शेवटपर्यंत घेतले नाही. या झगड्यात त्याची पुष्कळ शक्ती खर्ची पडली. तरी तो मधमाश्या पाळीत असे आणि हवामानाच्या नोंदी नियमाने ठेवीत असे. मधमाश्यांच्या संकराचाही त्याने यत्न केला. पण राणीमाशी उंच आकाशात उडून आपला नर स्वतःच निवडते, त्यामुळे तो सफल झाला नाही.

६ जानेवारी १८८४ रोजी मेंडेल मरण पावला. अंत्यविधीस मोठा समुदाय लोटला होता. पुढे जगप्रसिद्ध झालेला संगीतकार यानाचेक याने प्रार्थनेच्या वेळी ऑर्गन वाजवला. जमलेल्यांना एक कनवाळू मठाधिपती गेल्याचे दुःख झाले. एक थोर शास्त्रज्ञ गेला, हे त्यांपैकी कोणालाच माहीत नव्हते.

त्यानंतर सोळा वर्षांनी, म्हणजे १९०० साली, हॉलंडचे द फ्रीस, जर्मनीचे कॉरेन्स आणि ऑस्ट्रियाचे चेर्माक या तिघांनी आपापले संकराचे प्रयोग प्रसिद्ध केले. जुने लेख चाळताना त्यांना मेंडेलचा निबंध आढळला. आपल्याला जे दिसले ते या साधूने चौतीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे, हे पाहून विद्वानांची मान लवली.

हा नियम वनस्पतींनाच लागू आहे की प्राण्यांनाही, असा प्रश्न पुढे आला. त्याचे उत्तर जनावरांच्या रंगांनीच दिले. १९०२ साली फ्रान्समधील क्यूएनो यांनी राखी उंदीर आणि पांढरे उंदीर यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सारे राखी झाले आणि दुसऱ्या पिढीत तिनास एक या प्रमाणात पांढरे पुन्हा अवतरले. उंदरांत हा पांढरा रंग सुप्त, तर पुष्कळ शेळ्यांत पांढरा रंग प्रभावी! तेव्हा कोणता गुण प्रभावी हे अंदाजाने सांगता येत नाही. प्रत्येक प्राण्यात ते मोजूनच ठरवावे लागते. मेंडेलच्या घटकांना पुढे जनुक हे नाव मिळाले. शेळीच्या रंगाचा खेळही मुख्यतः दोन रंगद्रव्यांवर चालतो. एक काळसर असते आणि एक तांबूस. केसांत कोणते द्रव्य किती आणि कोठे भरावयाचे, हे निरनिराळी जनुके ठरवतात. म्हणून कळपात इतके रंग आणि इतके ठिपके दिसतात.

महाराष्ट्राला या विद्येचे मोल फार आहे. उस्मानाबादी शेळी बहुतांशी काळी असते, संगमनेरी शेळी पुष्कळदा पांढरी असते, तर कोकण कन्याळ शेळीच्या तोंडावर पांढरे पट्टे असतात. रंगावरून जात ओळखण्यास मदत होते. पण रंगावरून दूध मोजता येत नाही. दूध, वजन आणि काटकपणा हे गुण अनेक जनुकांच्या मेळाने आणि चारापाण्याने ठरतात. त्यांचा हिशेब तिनास एक इतका सोपा नसतो. केवळ देखणा रंग पाहून बोकड निवडणारा म्हणूनच फसतो.

काही मोलाचे गुण मात्र मेंडेलच्या वाटाण्याप्रमाणे एकाच जनुकावर अवलंबून असतात. बंगालमधील सुंदरबनाच्या भागात गारोळ नावाची लहान चणीची मेंढी आहे. तिला एका वेळी दोन किंवा अधिक कोकरे होतात आणि याचे मुख्य कारण एक जनुक आहे. आपल्या दख्खनी मेंढीस बहुधा एकच कोकरू होते. सातारा जिल्ह्यात फलटण येथे बनविहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या संशोधन संस्थेत या दोन जातींचा संकर करण्यात आला. गारोळचे ते एक जनुक दख्खनीत उतरवावयाचे, पण दख्खनीचे थोराड शरीर घालवावयाचे नाही, असा तो बेत होता. गुण एकमेकांत विरघळत असते, तर हा बेत तडीस जाणे शक्य नव्हते. गुण वेगवेगळे उतरतात, म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जुळी कोकरे देणाऱ्या सुवर्णा मेंढीचा वाण तेथे तयार झाला. मेंढपाळाच्या घरी एका कोकराच्या जागी दोन कोकरे आली, याचे श्रेय काही अंशी ब्रूनच्या त्या वाफ्यालाही द्यावे लागते.

मेंडेलपाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती, पदवी नव्हती आणि त्याचे म्हणणे समजून घेणारेही कोणी नव्हते. त्याच्यापाशी जमिनीची एक चिंचोळी पट्टी, एक चिमटा, एक वही आणि न कंटाळणारे मन होते. पांढऱ्या शेळीचे काळे करडू सर्वांनी पाहिले होते. पहिल्या पिढीत लपलेला गुण दुसऱ्या पिढीत दिसतो, हेही काहींनी पाहिले होते. मेंडेलने ते मोजले. जेथे इतरांना निसर्गाची लहर दिसली, तेथे त्याला हिशेब दिसला. तो हिशेब जगाला पटण्यास वेळ लागला. पण त्यातला एकही आकडा त्याने लोकांना आवडावा म्हणून बदलला असे नाही. आपल्या कामाचा दिवस उगवेल, असा विश्वास त्याने आपल्या सोबत्यांजवळ बोलून दाखवला होता. तो दिवस उगवला, तेव्हा पाहावयास तो नव्हता. परंतु त्याच्या नियमावर आज शेतकऱ्याचे बियाणे, मेंढपाळाचा कळप आणि वैद्याची चिकित्सा या सर्वांचा आधार आहे.